अँबॅसेडरचा शंकरपट

खोली भाड्याने मागायला गेलो तेव्हा बाईंनी माझा पगार विचारला नाही, लग्न झालंय का ते विचारलं नाही. झोपाळ्यावरून उठल्या आणि म्हणाल्या, "जरा फाटकापासून विहिरीपर्यंत चालून दाखवा."

मी चाललो.

"आता वापस."

मी वापस आलो. त्यांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली, पाठीमागून माझ्या टाचांकडे पाहिलं आणि समोर येऊन म्हणाल्या, "दात?"

"दात कशाला?"

"दाखवा ना. मी काय खाऊन राहिली का तुमाले?"

मी दात दाखवले. एक दाढ किडलेली होती, ती त्यांना बरोबर दिसली. पण एकूण जनावर पसंत पडलं असावं. "पाय टाकणं चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "जिना वाजवणार नाही तुमी. राहा." माझं आडनाव ऐकल्याबरोबर 'खोली कालच गेली' असं सांगणारी बरीच घरं मी त्या आठवड्यात पाहून आलो होतो. इथे प्रकरण दातांवर मिटलं, त्यामुळे मला राग येण्याऐवजी हसूच आलं.

मी तेव्हा खापरखेड्याच्या वीजकेंद्रात नकाशे काढायच्या नोकरीवर होतो. सकाळी बसने जायचो, संध्याकाळी कोळशाची भुकटी कॉलरवर घेऊन यायचो. बाईंनी माझं नाव पहिल्याच दिवशी रद्द केलं आणि मला 'नकाशेवाले' म्हणायला सुरुवात केली. "काहो नकाशेवाले, तुमच्या नकाशात आपल्या हनुमाननगरचे खड्डे दाखवता का?" असं त्या चार लोकांत विचारायच्या. मी वीजकेंद्राचे नकाशे काढतो, गावाचे नाही, हे त्यांना मी अनेकदा सांगितलं. त्यांनी ते एकदाही ऐकलं नाही.

बाईंचं माहेर मौद्याकडचं. वडिलांकडे पटाची बैलजोडी असायची. शंकरपट म्हणजे आमच्या विदर्भातली बैलांची शर्यत. सरळ वाट, दोन जोड्या बाजूबाजूला, मागे नावापुरती हलकी गाडी आणि तिच्यावर कासरा धरून हाकणारा धुरकरी. वळण नाही, दुसरा फेरा नाही; विडी पेटवायला मान खाली घातली तर शर्यत हुकते. पोरींना धुरकरी होता येत नसे. बाईंनी लहानपणी एकदा भावाचं धोतर नेसून, डोक्याला फडकं गुंडाळून जोडी हाकली होती. जोडी पहिली आली आणि घरी गेल्यावर बाईंनी मार खाल्ला. हा किस्सा सांगताना त्या मार आधी सांगत की नंबर, ते समोर कोण बसलंय यावर ठरायचं.

त्यांचे यजमान वकील होते. त्यांनी हौसेने अँबॅसेडर घेतली आणि मग तिची भीती घेतली. गाडी सुरू करण्याआधी ते स्टिअरिंगला हात जोडत, घरी पोचल्यावर पुन्हा जोडत. ते गेल्यावर सगळ्यांना वाटलं, आता गाडी जाईल. बाई मात्र लकडगंजला दिराच्या लाकडाच्या टालावर गेल्या, तिथल्या ट्रक ड्रायव्हरला म्हणाल्या, "मले शिकव गा," आणि शिकल्या. गुरू ट्रकवाला असल्यामुळे बाई अँबॅसेडर ट्रकसारखीच चालवत. मागे सागाचे ओंडके बाहेर आलेले आहेत अशा बेताने वळण घेत. हॉर्न कधी वाजवत नसत. काचेतून डोकं बाहेर काढून जिभेने टकटक करत, आणि गंमत म्हणजे माणसं बाजूला होत.

गाडीचं नाव ढवळ्या. पोळ्याच्या दिवशी बैलांच्या मानेवर जू ठेवत नाहीत, म्हणून त्या दिवशी ढवळ्यालाही सुट्टी. सकाळी आंघोळ, बॉनेटला हळद आणि तूप, दोन्ही दिव्यांना गोंडे, आरशाला बाशिंग आणि पुरणपोळीचा नैवेद्य. एका पोळ्याला मला सणकून ताप भरला होता आणि डॉक्टरकडे न्यायचं होतं. बाईंनी मला घोंगडीत गुंडाळलं, सायकलरिक्षात घातलं, स्वतः शेजारी बसल्या आणि उभ्या ढवळ्याच्या जवळून आम्ही रिक्षाने गेलो. "एक दिवस तरी त्याले आराम नको का?" त्या मलाच दटावून म्हणाल्या. बाकी वर्षभर मात्र ती गाडी राबायची. गल्लीतल्या बाळंतिणी दवाखान्यात तिच्यातूनच जायच्या आणि दर आठवड्याला बाई स्वतः गाडी हाकत माहेरच्या शेतावर जायच्या. वडिलांनी त्यांच्या नावावर केलेला तिथला तुकडा त्या स्वतः पाहत. दुपारी येताना मागच्या सीटवर वांगी, तुरीच्या शेंगा आणि कधी कधी एखादी म्हातारी मावशी असायची.

त्यांच्या म्हणीसुद्धा गोठ्यातूनच यायच्या. "जनावर मारून पळत नाही, मानून पळते." ही म्हण मला माझ्या साहेबाला सांगायची फार इच्छा होती. "बैलाची घाई बैलाले, धुरकऱ्यानं थंड राहावं." ही त्या स्वयंपाक करताना म्हणायच्या, दूध उतू जात असताना.

आता धाकट्या दिराबद्दल सांगायला हवं. ते टालाचे मालक, बाजारात वजन असलेले, सफारी सूट घालणारे गृहस्थ. वाईट माणूस नव्हता. पण वहिनी गाडी चालवते याचं त्यांना फार दुःख होतं. बाजारात कोणी ना कोणी रोज सांगायचं, "शेठ, तुमच्या वहिनीनं आज माझ्या ट्रकले कट मारला." यजमानांनी अँबॅसेडर घेताना काहीतरी सोय म्हणून कागद या दिरांच्या नावाने झाले होते आणि तसेच राहिले होते.

दिवाळीच्या फराळाला ते नव्या कोऱ्या बदामी गाडीतून आले. अँबॅसेडरपेक्षा लहान, हलकी, चकचकीत. मी वर होतो, बाईंनी मला चिवडा खायला खाली बोलावलं. चिवड्याचा दुसरा घास घेता घेता दीर म्हणाले, "वहिनी, जुनी गाडी आता मी नेतो. टालावर कामी पडन. तुमाले कुठी जायचं असन त निरोप धाडत जा. मी माणूस पाठवतो."

बाईंनी मुकाट्याने दिरांच्या ताटलीत आणखी चिवडा घातला. ते गप्प बसणं मला आवडलं नाही, कारण बाई गप्प बसलेल्या मी पाहिल्याच नव्हत्या.

विषय बदलायला म्हणून दीर आपल्या नव्या गाडीच्या गोष्टी सांगू लागले. गावातल्या मोटारशौकिनांनी मिळून शर्यतीचा बेत केला होता. भंडारा रोडपासून जवळच नव्या रस्त्याचा एक तुकडा तयार होऊन पडला होता, रहदारीला उघडायचा होता. संक्रांत झाली की तिथे मोटारी पळवायच्या. गावातली अशी पहिलीच शर्यत, आणि दिरांनी नावही दिलं होतं.

"कशी पळवता?" बाईंनी विचारलं.

"सरळ. पाव मैल."

"वळायचं नाही?"

"नाही."

"दोन-दोन गाड्या संगं?"

"हाव. दोन-दोन."

बाईंनी हात पुसले. "मंग हा त पट हाय, भाऊजी. माहं नाव टाका. तुमची जोडी आणि माही जोडी. मी हरली त चावी तुमच्या हातात, अन् माह्या तोंडातून एक शब्द निघणार नाही. जिंकली त गाडी माही, कागदासकट."

दिरांना हसताना ठसका लागला. पाणी पिऊन, डोळे पुसून ते "मंजूर" म्हणाले. ते गेल्यावर बाईंनी चिवड्याच्या ताटल्या उचलल्या. "निरोप धाडत जा म्हणे," त्या म्हणाल्या. "नवऱ्याच्या मागं एवढी वर्सं कोणाले निरोप न धाडता जगली मी. आता दवाखान्यात जायले टालावर चिठ्ठी पाठवू का?" मला वाटलं आता रडतील. त्याऐवजी त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "नकाशेवाले, तुमचं वजन किती?"

दुसऱ्या दिवसापासून ढवळ्याची तालीम सुरू झाली. पटाची गाडी हलकी पाहिजे, हा पहिला नियम. आधी मागचं सीट निघालं. मग स्टेपनी, जॅक, चाकांच्या चकचकीत टोप्या, दोन्ही बंपर, दारांचे आतले पत्रे, पायाखालचं कांबळं. हॉर्नही गेला, तसाही तो बेकारच होता. हे सगळं माझ्या खोलीत आलं, कारण घरात दुसरी जागा नव्हती. शर्यत होईपर्यंत मी अँबॅसेडरच्या मागच्या सीटवर झोपलो, आणि खरं सांगतो, माझ्या खाटेपेक्षा ते बरं होतं.

वजन करायला बाई गाडी कुठे घेऊन गेल्या असतील? लकडगंजला, दिराच्या टालासमोरच्या धर्मकाट्यावर, जिथे लाकडाचे ट्रक तोलतात. काट्यावर गाडी उभी करून त्या मला म्हणाल्या, "उतरा." काटेवाल्याने आकडा सांगितला. "बसा." पुन्हा आकडा. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्या रात्री मी एक पोळी कमी खाल्ली. शर्यतीत त्यांच्या शेजारी बसायला मिळेल अशी माझी आशा होती. ती त्या काट्यावरच संपली.

मग खुराक. पेट्रोल त्या स्वतःच्या जुन्या मऊ लुगड्यातून गाळून भरत. गाडी उघडायला इतवारीतला मिस्त्री यायचा. त्याने कार्ब्युरेटर साफ केला, प्लग बदलले, कान लावून इंजिनाचा सूर लावला. बाई शेजारी उभ्या राहून गाडीच्या पाठीवर हात फिरवत होत्या.

"बाईजी, ये मोटर है, बैल नहीं है," तो न राहवून म्हणाला.

"तेरेकू फरक दिखता क्या?" बाई म्हणाल्या. "पेट में आग, पैर में जोर. तू तेरा काम कर."

मागच्या टायरांतली हवा त्यांनी बरीच कमी करायला लावली. मिस्त्रीला वाटलं बाई चुकतायत, पण त्या ठाम होत्या. "मागच्या पायाले जमीन धरता आली पाहिजे. खुर घसरला का पट गेला." मिस्त्रीने एकदा चालवून पाहिली आणि बाईंकडे पाहून मान डोलावली.

दरम्यान दिरांच्या टालावरचा एक माणूस आमच्याकडे वारंवार जळाऊ लाकडं घेऊन येऊ लागला. आमच्याकडे तेव्हा गॅस होता. बाईंनी त्याला कधी परत पाठवलं नाही. त्याला ओसरीवर बसवत, चहा देत, आणि त्याच्यासमोर मला मोठ्याने ओरडून सांगत, "नकाशेवाले, टायर दगडासारखे करा बरं! जेवढी हवा तेवढा जोर! हीच त आमच्या बापाची विद्या हाय!" एकदा त्यांनी त्याच्यासमोर गुळाचं पाणी रेडिएटरजवळ नेऊन ठेवलं आणि पदराने झाकलं, जणू त्याने पाहू नये. तो माणूस गेल्यावर ते पाणी आम्ही दोघांनी लिंबू पिळून प्यायलं.

सराव पहाटे, पारडीच्या पुढे, रस्त्यावर कोणी नसताना. माझं काम झेंडा पाडणं. झेंडा म्हणजे माझा रुमाल. मी रुमाल पाडायचा आणि बाईंनी सुटायचं. सुरुवातीला गाडी खोकायची, उड्या मारायची, बंद पडायची. बाई खाली उतरून तिच्याशी बोलायच्या, पुन्हा बसायच्या. काही दिवसांनी असं झालं की माझा रुमाल सुटायच्या आत गाडी सुटायची. मी म्हटलं, हे लवकर होतंय, बाद ठरवतील.

"लवकर नाही, बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "मी रुमाल पाहतच नाही. तुमचा खांदा पाहतो. हात हलायच्या आधी खांदा सांगते."

मी त्यांना फसवायचा पुष्कळ प्रयत्न केला. खांदा उडवायचो आणि रुमाल धरून ठेवायचो. एकदाही फसल्या नाहीत. खोटा खांदा वेगळा असतो म्हणे.

शर्यतीच्या दिवशी बाईंनी ढवळ्याची दृष्ट काढली, मागच्या चाकाला काळा दोरा बांधला आणि टाकीत पेट्रोल जेमतेम ठेवलं. पटाच्या बैलाला धावेआधी पाणी पाजत नाहीत, तशातला प्रकार. पोचण्यापुरतं आणि पळण्यापुरतं. परत येण्याचा विचार मी बोलून दाखवला. "हरली त परत आणणारा दुसरा असन, जिंकली त मी उडत येईन," त्या म्हणाल्या. मग मला दोन घास खायला लावून सायकलने पाठवलं, कारण माझं वजन गाडीला नको होतं.

नव्या रस्त्यावर चुन्याच्या दोन रेघा मारल्या होत्या, एक सुटायची आणि एक पोचायची. जीपवाले, मोटारसायकलवाली पोरं, गॉगल लावलेले दोन डॉक्टर. मोटारशौकिनांचे चिटणीस कोट घालून झेंडा घेऊन फिरत होते. बाईंना पाहून ते अदबीने म्हणाले, "बाई, बघणाऱ्यांसाठी खुर्च्या तिकडे आहेत."

"अन् हाकणाऱ्यांसाठी?" बाईंनी विचारलं. चिटणिसांनी यादी पाहिली, गाडी पाहिली, बंपर नसलेला तिचा बोडका चेहरा पाहिला आणि बाजूला झाले.

तेवढ्यात धूळ उठली. बाईंचं माहेर आलं. पुढे डफडी, मागे बैलगाड्या, सगळ्यात पुढच्या गाडीवर बाईंचे थोरले भाऊ. हा धिप्पाड, पांढऱ्या मिशांचा माणूस. गाडीला जुंपलेली त्यांची पटाची जोडी शिंगं रंगवून आणली होती. "आमच्या बाईचा पट हाय!" ते चिटणिसांना म्हणाले, आणि सगळा गाव रस्त्याच्या कडेला पसरला. बाईंनी मला पोचायच्या रेघेकडे धाडलं. भाऊ आणि त्यांचे गडी तिथेच उभे होते.

बाईंची आणि दिरांची गाडी शेजारी लागली. लांबून मला फक्त एवढंच दिसलं, की दीर झेंड्याकडे पाहत होते आणि बाई चिटणिसांच्या कोटाच्या खांद्याकडे. झेंडा पडला. ढवळ्या सुटला. बदामी गाडीची दगडासारखी चाकं नव्या रस्त्याच्या बारीक गिट्टीवर जागच्या जागी गरगर फिरली, धूर निघाला, आणि ती सुटली तोवर बाई पुष्कळ पुढे होत्या. डफडी पिसाळली. म्हाताऱ्या बायका पदर खोचून ओरडत होत्या. मीही ओरडत होतो. ती बदामी गाडी नवी आणि हलकी, मागून जोरात येत होती, पण गाठणार नव्हती. बाई जिंकत होत्या. मला त्यांचे दात दिसत होते.

आता शंकरपटात एक रीत आहे. बैल भरधाव पोचले की आपणहून थांबत नाहीत, म्हणून रेघेपलीकडे गावचे गडी उभे असतात. जोडी आली की हात पसरून पुढे होतात आणि बैलांना धरतात. जन्मभर हेच केलेले भाऊ आणि त्यांचे पाच-सहा गडी, बाई येतायत हे पाहताच, एकदम रस्त्यात उतरले. हात पसरून. "हो! हो! हो!" म्हणत. मोटारीपुढे.

मी किंचाळलो, पण डफड्यांपुढे माझं कोण ऐकतं? बाईंनी ब्रेक दाबला. ढवळ्या आडवा झाला, घसरला, धुळीत हरवला आणि धूळ खाली बसली तेव्हा त्याचं नाक चुन्याच्या रेघेच्या हातभर अलीकडे होतं. पलीकडच्या बाजूने बदामी गाडी रेघ ओलांडून गेली.

डफडी एकेक करत थांबली. गड्यांचे हात तसेच पसरलेले होते. आपण काय केलं हे भावाच्या ध्यानात आलं तेव्हा तो एवढा मोठा माणूस रस्त्यातच खाली बसला. "आमच्यानंच झालं, बाई वं," तो म्हणाला आणि फेट्याच्या टोकाने तोंड झाकलं.

बाई उतरल्या. आधी त्यांनी गड्यांना एकेक करून पाहिलं, कोणाला लागलं तर नाही. मग भावाजवळ गेल्या. "दादा, तुमी मले धराले आले होते," त्या म्हणाल्या. "माह्यासाठी हात पसरले, त्याचा राग करू का मी? उठा." चिटणीस म्हणाले, पुन्हा पळवा हवं तर. बाईंनी मान हलवली. पट एकदाच पळतो. दीर चालत आले तशी त्यांनी चावी काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि कबूल केल्याप्रमाणे एक शब्द बोलल्या नाहीत. मला इतकं वाईट वाटलं की मी ढवळ्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो.

दीर खुशीत होते. कोणीतरी त्यांच्या गळ्यात हार घातला. त्यांनी ड्रायव्हरला बदामी गाडी घेऊन पुढे पाठवलं आणि स्वतः ढवळ्यात बसले. जिंकलेली गाडी बाजारातून स्वतः चालवत न्यायची होती त्यांना. चावी फिरवली. ढवळ्या घरघरला आणि गप्प झाला.

"पेट्रोल नाही," मी सांगितलं.

दीर खाली उतरणार, तेवढ्यात बाई भावाकडे वळल्या. "दादा, जिंकणाऱ्याची मिरवणूक काढतात ना पटात?"

भावाने तोंडावरून फेटा काढला. "हाव. काढतात ना."

"मंग काढा."

दिरांना ते आवडलं. मोठेपणा होता त्यात. भावाने आपली पटाची जोडी सोडून आणली, ढवळ्याच्या पुढच्या दांड्याला दोर बांधला, डफडी पुन्हा सुरू झाली. बाईंनी कासरा घेतला, पदर खोचला आणि ढवळ्याच्या बॉनेटवर चढून बसल्या. दीर आत स्टिअरिंग धरून, गळ्यात हार, गुलाल कपाळाला. समोरच्या काचेतून त्यांना रस्त्याऐवजी वहिनीची पाठ दिसत होती.

मिरवणूक निघाली आणि बैलाच्या चालीने निघाली. पटाचे बैल एरवी वाऱ्यासारखे पळतात, पण त्या दिवशी बाईंनी त्यांना असं काही आवरून धरलं होतं की रस्त्यावरची कोंबडीसुद्धा आम्हाला ओलांडून गेली. मी सायकल हातात धरून बाजूने चालत होतो. पारडीला लोक दुकानं सोडून बाहेर आले. एका घरातल्या बाया वरात समजून ओवाळायला ताट घेऊन आल्या आणि आतल्या नवरदेवाचं वय पाहून परत गेल्या. जकात नाक्यावरच्या कारकुनाने गाडी पाहिली, बैल पाहिले आणि विचारलं, "मोटार लिहू का बैलगाडी?"

"मालक आतमधी हायेत, त्याइले विचारा," बाई बॉनेटवरून म्हणाल्या.

पोरं आतमध्ये डोकावून पाहत होती आणि हसत होती. दिरांनी काच वर केली, तर आत उकडायला लागलं. पुन्हा खाली केली. लकडगंजचं वळण जवळ आलं तसे ते अस्वस्थ झाले. वळणावर बाजार उभा होता. टालवाले, दलाल, हमाल, सगळे. बदामी गाडीच्या ड्रायव्हरने बातमी आधीच पोचवली होती.

"वहिनी, जरा थांबवा," दीर म्हणाले.

"थांबून नाही राहिले, भाऊजी. बाजाराचा वास आला त्याइले."

"वहिनी, ऐका ना. इथून पुढं मी रिक्षानं येतो."

"जशी तुमची मर्जी."

दिरांनी दार उघडलं आणि चालत्या ढवळ्यातून खाली उतरले. त्या क्षणी बाईंनी कासरा खेचला. "हो!" बैल जागच्या जागी खिळले. बाई बॉनेटवर उभ्या राहिल्या आणि अख्ख्या लकडगंजला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "धुरकरी उतरला! घर याच्या आधी जो गाडीवरून उतरला, त्याचा पट गेला! सांगा दादा, हाय का नाही नियम?"

"हाय!" भाऊ गरजले. गड्यांनीही "हाय! हाय!" केलं. आणि बाजारातल्या निम्म्या लोकांची मुळं खेड्यातलीच, त्यांनीही माना डोलावल्या. एक म्हातारा टालवाला तर म्हणाला, "आमच्या आज्याच्या वक्तापासून हायेच ना."

दीर रस्त्यात उभे होते. हार तिरपा झाला होता, गुलाल घामाने नाकावर उतरला होता. त्यांनी एकवार बाजाराकडे पाहिलं, मग बॉनेटवरच्या वहिनीकडे. मग खिशातून चावी काढली.

"तुमी ब्रेक नसता मारला त तुमीच जिंकल्या असत्या," ते हळू आवाजात म्हणाले. "मले माहीत हाय."

"माहीत होतं त चावी घेतली काहून?"

"तवा लय आनंद झाला होता, वहिनी," दीर म्हणाले, आणि स्वतःच हसायला लागले. बाईही हसल्या. त्यांनी वाकून चावी घेतली, आणि मग बॉनेटवरच बसून पदराने डोळे पुसले, बऱ्याच वेळा. दिरांनी हार काढून बैलाच्या गळ्यात घातला. पुढच्या आठवड्यात गाडीचे कागदही आले, ते दिरांनी माणसाबरोबर न धाडता स्वतः आणून दिले.

शर्यतीच्या त्या संध्याकाळी ढवळ्याला घरी पोचवून भाऊ परत निघाले तेव्हा मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. मला ती उतरण्याच्या नियमाची गोष्ट राहून राहून नवलाची वाटत होती. बाईंकडून मी पटाचं सगळं ऐकलं होतं, हे कधी ऐकलं नव्हतं. मी विचारलं, "दादा, हा नियम मौद्याकडेच आहे की सगळीकडे?"

भावाने मागे वळून पाहिलं, बाई ऐकत नाहीत ना. मग गाडीवर चढून कासरा हातात घेतला.

"कोणता नियम?" ते म्हणाले. "म्या त आजच ऐकला. पण भाऊ, बेस हाय. पुढच्या पटापासून लावतोच आमी."